४७ नावांची यादी आणि संपातली काठी

आमची सोसायटी जुळे सोलापुरात, विजापूर रोडपासून थोडं आत. तीन विंग, ४८ फ्लॅट, खाली पार्किंग आणि पार्किंगच्या खाली पाण्याचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी कमिटीची निवडणूक झाली त्यात मी उभी राहिले आणि एका मताने पडले. त्याचं सगळं इथं लिहून ठेवतेय कारण नंतर मला बऱ्याच बायकांनी विचारलं की कसं उभं राहायचं, काय काय लागतं, आणि प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून झालं तरी काहीतरी राहतंच.

मुद्दा पाण्याचा होता. सोलापुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसाआड येतं, तेही कधी पहाटे तीनला कधी दुपारी, आणि सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण मायनसमध्ये गेलं अशी बातमी आली की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मायनस म्हणजे धरण कोरडं नसतं, उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं त्यातलं ६३ च्या आसपास मृत साठा आहे, वरचं वापरायचं पाणी संपलं की खालच्या साठ्यातून उपसा सुरू होतो त्याला मायनस म्हणतात. तर त्या उन्हाळ्यात पाच दिवसाचा गॅप होता आणि एकट्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत ३१ टँकर आले. दहा हजार लिटरचा एक. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये वेगळे लागून आले आणि भांडणं सुरू झाली. ए विंगवाले म्हणायचे बी विंगमध्ये गाड्या धुतात, बी विंगवाले म्हणायचे भाडेकरू पोरं पाणी नासवतात, आणि कमिटी म्हणायची महापालिकाच पाणी सोडत नाही तर आम्ही काय करणार.

मी गणिताचे क्लास घेते, आठवी ते दहावी. मुलांना उदाहरण द्यायचं म्हणून एक दिवस फळ्यावर आमच्याच सोसायटीचं गणित मांडलं. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात, ४८ घरं, घरटी चार माणसं, म्हणजे १९२ माणसं, म्हणजे दिवसाला साधारण २६ हजार लिटर. संप ६० हजारांचा, वरच्या तीन टाक्या दहा-दहा हजाराच्या, म्हणजे सगळं काठोकाठ भरलं तरी ९० हजार. तीन दिवसाआड पाणी असेल तर ७८ हजार लागतात, भागतं. पाच दिवसाआड असेल तर १ लाख ३० हजार लागतात, म्हणजे प्रत्येक वेळी ४० हजार कमीच पडणार, कुणी गाडी धुवो न धुवो. चार टँकर दर वेळी, महिन्यात सहा वेळा, २४ टँकर. उत्तर २४ आलं तशी मी थांबले, कारण बिल ३१ चं होतं. वरचे सात कुठं गेले?

लगेच कुणावर तरी संशय घ्यावा असं मनात आलं होतं, खोटं नाही बोलत. पण टँकर आलेला सगळ्यांना दिसतो, वॉचमन मामा वहीत लिहितात, ३१ आलेच होते. मग मामांना म्हणलं आपण संप मोजू. रात्री ११ ला मोटरी बंद झाल्या की एक लांब बांबूची काठी टाकायची, पाणी कुठवर आलं तिथं खूण, परत पहाटे पाचला मोटर लावायच्या आधी टाकायची. पंधरा रात्री केलं. मामांनी एकही रात्र चुकवली नाही, त्यांचं हे काम मला कायम लक्षात राहील. मोटर बंद, टाकीला एक थेंब जात नाही, तरी रोज पहाटे काठीवर साधारण दोन सेंटीमीटर उतार. संप सहा मीटर बाय पाच मीटरचा आहे, दोन सेंटीमीटर म्हणजे ६०० लिटर सहा तासात, दिवसाला २४०० आणि महिन्याला ७२ हजार. सात टँकर. संप गळत होता.

हे मी कमिटीला लेखी दिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा दिलं तर चेअरमन काका पार्किंगमध्ये भेटले तेव्हा म्हणाले वहिनी काठीने कुठं संप मोजतात का, इंजिनिअरला दाखवू बघू. बघू बघू करत दिवस गेले. एवढ्यात कमिटीची पाच वर्षांची मुदत संपत आली आणि निवडणुकीची नोटीस बोर्डवर लागली.

आता काकांबद्दल नीट लिहिते कारण नंतर लोकांनी त्यांना व्हिलन करून टाकलं ते मला पटत नाही. दहा वर्षं या माणसाने एक रुपया न घेता सोसायटी चालवली. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा फोन रात्री अडीचला आला तरी हेच उठून खाली यायचे. लिफ्ट बंद पडली की हेच. त्यांचं चुकलं एवढंच की सोसायटी म्हणजे आपल्या घरचं काम अशी सवय झाली होती, आणि घरच्या कामात शेजारच्या वहिनी काठी घेऊन हिशोब मांडायला लागल्या की माणसाला ते लागतं. आजवर निवडणूक कधी झालीच नव्हती. दर वेळी बिनविरोध, चहा, फोटो, झालं.

उभं राहायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न हाच की मी उभी राहू शकते का. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, शेअर सर्टिफिकेटवर एकट्याचं नाव. म्हणजे सभासद तो, मी कुणीच नाही. यातून वाचले ते योगायोगाने. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिफ्टला असतो, त्याला मीटिंगला येता येत नाही, म्हणून आम्ही जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात, माझा सहयोगी सभासदाचा अर्ज देऊन ठेवला होता. सहकार कायद्यात २०१९ ला गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं त्यात हे आहे, शेअर सर्टिफिकेटवर नाव नसलं तरी बायको, नवरा, आई, वडील, मुलगा, मुलगी, सून अशा नात्यातल्या माणसाला मूळ सभासदाच्या लेखी शिफारशीवर सहयोगी सभासद करता येतं आणि मग मूळ सभासदाने आधी लेखी संमती दिली तर त्याच्या जागी मत देता येतं, त्याचे हक्क वापरता येतात. शंभर रुपये प्रवेश फी भरली, अर्ज मार्चच्या मीटिंगमध्ये मंजूर झाला. तेव्हा कुणाच्या डोक्यात निवडणूक नव्हती, माझ्याही नव्हती.

बी विंगमधल्या अक्कांना पण उभं राहायचं होतं, महिला राखीवमधून. त्यांचा फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. त्यांनी अर्ज मे महिन्यात दिला, तो मंजूर व्हायच्या आत मतदार यादी फायनल झाली आणि त्या राहिल्या. हुशार बाई, बँकेत काम करतात, मीटिंगमध्ये बोलायला माझ्यापेक्षा दहापट चांगल्या. म्हणून सांगते, निवडणुकीची नोटीस लागल्यावर हे कागद करायला घेऊ नका, आत्ता करा, उभं राहायचं असो नसो.

यादी

निवडणूक घ्यायला बाहेरून कुणी साहेब येतात असं बऱ्याच जणांना वाटतं. २५० पर्यंत सभासद असतील तर सोसायटीने स्वतःच निवडणूक अधिकारी नेमून निवडणूक घ्यायची असते. आमच्याकडे सी विंगमधले रिटायर हेडमास्तर सर अधिकारी झाले, त्यांना स्वतःला उभं राहायचं नव्हतं. सरांनी सगळं काटेकोर केलं. कच्ची यादी बोर्डवर, हरकतीला मुदत, मग पक्की यादी. मी पक्की यादी लागली त्या रात्री तिचा फोटो काढून घरी आले आणि वहीत उतरवून काढली, आणि खरं सांगते, ती वही लिहिताना मला जे कळलं ते पंधरा रात्री काठी टाकून पण कळलं नव्हतं.

४८ फ्लॅट पण नावं ४७. कारण एका साहेबांचे दोन फ्लॅट आहेत आणि सहकारात एक सभासद एक मत, फ्लॅट कितीही असोत. ४७ मधली १३ नावं इथं राहतच नाहीत, पुण्यात, बंगळूरला, हैदराबादला, आणि त्यांच्या घरात भाडेकरू आहेत. भाडेकरूला मत नाही. मालकाने मुखत्यारपत्र दिलं तरी ते मतदानाला चालत नाही, प्रत्यक्ष यावंच लागतं. आणि ४७ मध्ये बायकांची नावं किती तर ८. मला धरून ९, पण मी तर नवऱ्याच्या जागेवर.

पाण्याची रात्रपाळी आमच्या सोसायटीत कोण करतं? पिंप भरणं, पिण्याचं वेगळं काढणं, टँकर आला की पहिल्यांदा कुणाच्या टाकीत जातो ते बघणं, धुणं कुठल्या दिवशी टाकायचं ते ठरवणं, हे सगळं बायका करतात. मी महिनाभर ज्यांच्याशी काठीबद्दल बोलत होते, ज्या माना हलवत होत्या, हो वैनी बरोबर आहे म्हणत होत्या, त्यातल्या ८ सोडून कुणालाही मतच नव्हतं. मी चुकीच्या लोकांशी बोलत नव्हते, पण मत ज्यांच्याकडे होतं त्यांच्याशी बोललेच नव्हते.

आमच्या सोसायटीत एक अम्मा आहेत, तेलुगू बोलणाऱ्या, सत्तरी पार, उमेदीत विड्या वळल्या. त्यांची धाकटी बहीण कुंभारीला राहते, गोदुताई परुळेकरांच्या नावाच्या विडी कामगारांच्या वसाहतीत, जिथं सहकारी संस्थेतून दहा हजार घरं झाली. अम्मांना यादीबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, "घर नावावर असंल तरच कोण इच्यारतंय पोरी, मला हितं सूनेच्या घरात कोन इच्यारनार." त्यांचा फ्लॅट मुलाच्या नावावर आहे. मुलाला त्यांनी माझ्यासमोर बोलावून सांगितलं मत हिला टाक म्हणून. तो हो म्हणाला, टाकलं असेल.

राखीवमधून की जनरलमधून

१०० पर्यंत सभासद असले तर कमिटी ११ जणांची. सहा जनरल, दोन महिला राखीव, एक अनुसूचित जाती-जमाती, एक ओबीसी, एक विमुक्त-भटके आणि विशेष मागास. महिलांच्या दोन जागांवर आजवर कमिटीतल्याच दोघांच्या घरच्या असायच्या, सही घरीच व्हायची. या वेळी काका आमच्या घरी आले. नवरा होता, सासूबाई होत्या, चहा झाला, शेंगाचटणी भाकरी पण झाली. म्हणाले, "वहिनी, तुम्ही महिला राखीवमधून फॉर्म भरा, दुसऱ्या जागेला आमची ही माघार घेईल, बिनविरोध करून टाकू. भांडण कशाला. फक्त आमच्या पॅनेलमध्ये बसा आणि ते संपाचं जरा मागं ठेवा, इंजिनिअर येईल तेव्हा बघू."

सासूबाई म्हणाल्या घे की, आयती जागा आहे. नवरा काही बोलला नाही. रात्रभर विचार केला. आत जाऊन काम करता आलं असतं हे खरं आहे, आणि आज मागं वळून बघताना मला शंभर टक्के खात्री नाही की मी नाही म्हणाले ते बरोबरच होतं. पण संपाचं मागं ठेवायचं असेल तर मी आत जाऊन करणार काय होते? दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, काका मी जनरलमधून भरतेय. बाईला जनरलमधून भरायला काही अडकाठी नाही, राखीव जागा म्हणजे किमान एवढ्या तरी बायका हव्यात, त्यापेक्षा जास्त चालतात. राखीव मधून भरलं असतं तर ते कुणाच्या तरी मेहरबानीने आल्यासारखं झालं असतं असं मला वाटलं, ज्या बायका राखीवमधून लढून येतात त्यांना कमी लेखायचं नाही मला, आमच्या इथं ती जागा जशी वापरली जात होती त्याबद्दल बोलतेय.

जनरलला आठ फॉर्म आले. काकांचं सहा जणांचं पॅनेल, मी, आणि ए विंगमधला एक तरुण मुलगा ज्याला सोलर बसवायचं होतं. ओबीसीमधून माझ्या बाजूचे तळमजल्यावरचे एक काका उभे राहणार होते, त्यांचा फॉर्म छाननीत उडाला. थकबाकी. दोन वर्षं ते लिफ्टचे पैसे देत नव्हते, म्हणायचे मी तळमजल्याला राहतो लिफ्ट वापरतच नाही. त्यांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं पण आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठी ठरवून दिलेल्या नियमांत, लिफ्टचा खर्च सगळ्या फ्लॅटला सारखा आहे, तळमजला असो की पाचवा. त्यांना मागणीची लेखी नोटीस मिळून तीन महिने उलटून गेले होते, आणि तसा थकबाकीदार कमिटीवर येऊ शकत नाही. छाननीच्या सकाळी पैसे घेऊन आले, हेडमास्तर सर म्हणाले आता उशीर झाला. मला फार वाईट वाटलं कारण मला हे माहीत असायला पाहिजे होतं, मी त्यांना फॉर्म भरायला लावला होता आणि थकबाकीचं एकदाही विचारलं नव्हतं. तक्रार लेखी नोंदवून पैसे भरायचे आणि मग वाद घालायचा, हा रस्ता त्यांना कुणी सांगितलाच नाही. विमुक्त-भटक्यांच्या जागेला फॉर्मच आला नाही, ती रिकामी राहिली.

घरोघरी

तीन आठवडे होते. क्लास संपला की रात्री आठनंतर निघायचे, दोन घरं, जास्तीत जास्त तीन. एप्रिल-मेचा सोलापूरचा उकाडा जूनमध्येही गेला नव्हता, लोक गॅलरीत बसलेले असायचे. मी पहिल्या चार घरात चूक केली, गेल्या गेल्या वही उघडली आणि २६ हजार, ९० हजार सुरू. ऐकणाऱ्याचे डोळे टीव्हीकडे. पाचव्या घरी एक रेल्वेतून रिटायर झालेले काका होते, ते म्हणाले, "थांबा. आधी माझं ऐका," आणि पाऊण तास त्यांनी बाहेर गाड्या आडव्या लावतात त्याबद्दल सांगितलं. मी ऐकलं. शेवटी स्वतःच म्हणाले, हां दाखवा आता तुमची काठी. आणि सगळ्यात कडक प्रश्न त्यांनीच विचारले, बाष्पीभवन धरलं का, संप झाकलेला आहे म्हणलं, खालच्या नळाला कनेक्शन आहे का, ते बंद करून मोजलं म्हणलं. मग त्यांनी स्वतः एक रात्र मामांबरोबर जागून काठी टाकली. सकाळी सातला माझ्या दाराची बेल वाजवून म्हणाले दोन सेंटीमीटर. तेवढंच बोलून गेले. त्यानंतर सी विंगमध्ये मला काठीबद्दल कुणाला पटवावं लागलं नाही, ते काका पटवत होते.

बायकांना मात्र लिटरने फरक पडला नाही, त्यांना वेगळं सांगावं लागलं. संपातून पाणी बाहेर जातं तर बाहेरचं पाणी आत पण येतं. आत पाणी भरपूर असतं तोवर बाहेर झिरपतं, संप रिकामा झाला आणि बाहेर पावसाने जमीन भिजली की उलट होतं, आणि आमच्या संपापासून ड्रेनेजची लाइन लांब नाही. गेल्या पावसाळ्यात बी विंगमध्ये लहान मुलं उलट्या-जुलाबाने आजारी पडली होती. ते संपामुळेच असं मी म्हणाले नाही, म्हणणारही नाही, पण तपासायला नको का एवढं विचारलं. त्या रात्रीनंतर बी विंगमधल्या दोन घरात बायकांनी नवऱ्यांना बसवून माझी वही दाखवली.

बाहेर राहणाऱ्या १३ जणांना फोन केले. तीन जण म्हणाले सोसायटीत काय चाललंय ते आम्हाला मेंटेनन्सच्या बिलावरूनच कळतं, आणि टँकरचे जादा पैसे बघून ते आधीच चिडलेले होते. ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. तिथं माझ्याबद्दल बरंच आलं, मी पक्षाची माणूस आहे, मला पुढं नगरसेवक व्हायचंय, वगैरे. उत्तर दिलं असतं तर तीन आठवडे त्यातच गेले असते.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच घरात बोलले नाही आणि तिनेच घात केला. सगळीकडे म्हणलं, एक मत मला द्या. लोक म्हणायचे हो हो, एक तुम्हाला नक्की.

मतदान आणि मोजणी

रविवारी पार्किंगमध्ये टेबल, पडदा, पेटी. सकाळी नऊ ते एक. ४७ पैकी ३९ जण आले, बाहेरगावचे पाच, त्यात हैदराबादहून रात्रीच्या गाडीने एक गृहस्थ आले ते बघून मला बरं वाटलं, कुणाला का देईनात. जनरलच्या मतपत्रिकेवर आठ नावं, त्यातल्या जास्तीत जास्त सहांवर खूण करायची.

मोजणीला उमेदवारांना बसता येतं, मी बसले. सरांनी एकेक मतपत्रिका उलगडून सगळ्यांना दाखवली. दोन बाद झाल्या. दोन्हीवर सात खुणा. पॅनेलची सहाच्या सहा नावं, आणि सातवं माझं.

मी ते कागद बघत बसले. कुणाचे होते माहीत नाही, माहिती करून घ्यायचं पण नाही. पण ती माणसं डोळ्यासमोर आली. काकांना नाही म्हणवत नाही, दहा वर्षांचा शेजार आहे, लग्नकार्याला आलेत गेलेत, आणि वहिनींना पण शब्द दिलाय. मग दोघांनाही दिलं. मी एक मत मागितलं, ते त्यांनी दिलं. त्यासाठी सहातलं एक नाव गाळावं लागेल हे मी सांगितलंच नव्हतं, कारण कुणाचं नाव गाळा म्हणायला मला जड जात होतं. शेजाऱ्याविरुद्ध मत द्या असं तोंडावर म्हणणं हे आमच्याकडे कुणालाच जमत नाही. पण निदान कोरी मतपत्रिका दाखवून सहाच खुणा, सातवी झाली तर सगळंच बाद, एवढं तरी प्रत्येक घरात सांगायला हवं होतं. गणिताच्या बाईने हे मोजायचं राहिलं.

पॅनेलचे सहावे उमेदवार १९ मतं, मी १८, सोलरवाला मुलगा ११. त्या दोन्ही माणसांनी त्या सहाव्यांचं नाव गाळलं असतं तर मी २० ला आले असते, दुसरं कुणाचं गाळलं असतं तरी पण २० विरुद्ध जास्तीत जास्त २१ झालं असतं. जर-तरला अर्थ नाही, तरी त्या रात्री हेच आकडे डोक्यात फिरत होते. सासूबाईंनी काही बोललं नाही, ताट वाढून दिलं.

हरल्यावर

चार दिवसांनी रेल्वेवाले काका उपविधीचं पुस्तक घेऊन आले. एक पंचमांश सभासदांनी सह्या करून मागणी केली तर एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. ४७ चा पाचवा भाग म्हणजे ९.४, म्हणजे दहा सह्या. मी १८ मतं घेऊन हरले होते आणि सभेला लागतात दहा. हे मला आधी माहीत असतं तर मी निवडणुकीच्या आधीच सभा मागितली असती, दोन महिन्यांचं पाणी तरी वाचलं असतं.

सह्या १६ झाल्या. सही मूळ सभासदाची हवी म्हणून आमच्या घरची सही नवऱ्याने केली. सभेला विषय एकच ठेवला, संपाची तपासणी आणि दुरुस्ती. काकांनी सभा टाळली नाही, वेळेत नोटीस काढली, आणि सभेत मी बोलायला उभी राहिले तेव्हा मध्ये बोलणाऱ्या दोघांना त्यांनीच गप्प केलं. ठराव झाला, दुरुस्ती निधीतून खर्च.

संप रिकामा करायला पाणी यायच्या आदला दिवस धरला. आत माणूस उतरला तर बाहेरून येणारा पाइप जिथं भिंतीतून आत शिरतो तिथला जॉइंट सुटलेला, आणि त्याच्या खाली बोटभर ओल उतरलेली. भिंत फोडून पाइप नवीन बसवला, आतून वॉटरप्रूफिंग केलं, दोन दिवस सगळं टँकरवर भागवलं. त्यानंतर पहिल्या रात्री मामांनी काठी टाकली तेव्हा खाली दहा-बारा जण उभे होते, काका पण. पहाटे पाचला परत तेवढेच. खूण हलली नव्हती.

बाकीचा ४० हजारांचा खड्डा कमिटीने अर्धा भरला. पार्किंगच्या मागच्या बाजूला पाच हजार लिटरच्या चार टाक्या बसवल्या, मार्चपर्यंत. मी आठ मागत होते, पैशाचं जमलं नाही, आणि जागेवरून दोन गाडीवाल्यांशी वाद आहे तो अजून चालूच आहे. या वर्षी एप्रिलमध्ये गॅप पुन्हा पाच दिवसांचा होता. टँकर १३ आले.

बी विंगच्या अक्कांचा अर्ज मंजूर झाला. त्यानंतर आणखी ११ बायकांनी सहयोगी सभासदाचे अर्ज दिलेत, त्यातले सात अर्ज मी आणि अक्कांनी बसून भरून दिले. अम्मांचा पण भरला. मुलाने शिफारशीवर सही केली तेव्हा अम्मांनी विचारलं की आता माझं नाव त्या बोर्डावर लागतंय का. पुढच्या यादीत लागेल म्हणलं. त्या म्हणाल्या, लागलं की मला खाली घेऊन जा, बघायचंय.